गार्सा ब्रांकाची तासलेली दारं

सेउ देओदातो,

आज सकाळी तुमचा संदेश आला. 'प्रिय रहिवासी, आपली तक्रार निकाली निघाली आहे. आपला, देओदातो, सिंदिको.' शेजारी हिरवा ठिपका. तुम्हाला पुरून हिवाळा सरला, आणि माझ्या स्वयंपाकघराचं दार नीट झाल्याचं तुम्ही मला कळवता. जिवंत असताना इतक्या तत्परतेने तुम्ही एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

आता तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते. कारण अंत्यविधीच्या वेळी तुमच्या मुलीने, मारिलेनीने, जे भाषण केलं ते ऐकून मी भलत्याच शवपेटीपाशी आले की काय असं मला वाटलं. 'माझे वडील कुणाशी कधी भांडले नाहीत.' तुम्ही? लिफ्टमध्ये कुत्रा नेण्यावरून माझ्याशी सबंध पावसाळा अबोला धरणारे तुम्ही? तुमचा संतच करून टाकला तिने. संतांचा एक तोटा असतो, त्यांनी काय चूक केली ते कुणाला कळत नाही, आणि मग तीच चूक पुढे चालू राहते.

तुमचा बाप गोदीत कॉफीची पोती वाहायचा. आपण पोत्याखाली मान घालायची नाही असं ठरवून तुम्ही फेरीबोटीवर गेलात. सांतोसहून ग्वारुजाला मोटारी नेणाऱ्या त्या बोटीवर तुमचं काम हात दाखवायचं. ही गाडी डावीकडे, तो ट्रक मध्ये, बस उजवीकडे, तू थांब मागे. बोट एका अंगाला झुकली की लोक कठडे धरायचे. तुम्ही एखाद्या जड गाडीला बोटाने बोलावून दुसऱ्या बाजूला घ्यायचात आणि बोट सरळ. निवृत्त होईपर्यंत हेच केलंत, आणि एक समजूत तुमच्या हाडात मुरली: जे कललं आहे ते, वजन इकडचं तिकडे केलं की, सरळ होतं.

ही समजूत घेऊन तुम्ही आणि तुमची बायको ओंदिना आमच्या गार्सा ब्रांका इमारतीत राहायला आलात, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात.

समुद्रावरच्या आमच्या इमारती कललेल्या आहेत यात कुणाला काही नवल नव्हतं. आमची शेजारच्या कालव्याकडे कललेली, बंदराच्या उलट बाजूला. खाली वाळू, वाळूखाली मऊ चिखल, आणि बांधणाऱ्यांना घाई. आम्ही त्यात संसार केले. पलंगाच्या कालव्याकडच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या, फ्रिजखाली दुमडलेला पुठ्ठा, संत्री टेबलावर नाही तर खोल वाडग्यात. बाहेरचा पाहुणा आला की म्हणायचा, तुमच्याकडे दारू न पिताच तोल जातो. दरवेळी नवा पाहुणा, दरवेळी तोच विनोद, आणि आम्ही दरवेळी हसायचो.

ओंदिना गेली आणि तुम्हाला घर खायला उठलं. मग तुम्ही सिंदिको झालात, म्हणजे इमारतीचे निवडून आलेले कारभारी. निवडून आलेले म्हणजे काय, दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं. सभेत तुम्ही छातीवर हात ठेवून सांगितलंत की ही इमारत मी आणखी कलू देणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण चहाकॉफीची वेळ झाली होती. पण तुम्ही ते मनापासून बोलला होतात, हे मला लगेच कळलं.

दुसऱ्याच आठवड्यात लिफ्टमध्ये तुमची सूचना लागली: प्रत्येकाने घरातलं जड सामान बंदराकडच्या भिंतीला लावावं. जगात दुसऱ्या कुठल्या कारभाऱ्याला हे सुचलं नसतं; आणि दुसऱ्या कुठल्या इमारतीने ते ऐकलं नसतं. आमच्या लोकांनी ऐकलं. सातव्या मजल्यावरच्या दाल्व्हाने पियानो हलवला. चौथ्यावरच्या म्हाताऱ्या भावांनी माशांची काचपेटी हलवली, त्यात अर्धे मासे दगावले. मी पुस्तकांची कपाटं हलवली नाहीत, तर तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "दोना झुलैका, विद्येचं वजन चुकीच्या बाजूला पडतंय." हे मात्र मला आवडलं होतं.

आणि तुम्ही ओळंबा टांगलात. बोटीवरून पाण्याची खोली बघायचं जुनं शिसं तुमच्याकडे होतं. जिन्याच्या मधल्या पोकळीत, अगदी वरच्या मजल्यापासून दोरीने ते सोडलंत आणि तळमजल्याच्या फरशीवर, टोकाच्या बरोबर खाली, लाल रंगाने एक वर्तुळ काढलंत. चर्चमध्ये शिरताना पाण्यात बोट बुडवतात तसं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या वर्तुळाकडे एकदा बघायचा. शिसं आत आहे ना? आहे. मग लिफ्ट. सामान हलवल्यावर महिनाभराने तुम्ही विजयी मुद्रेने मला खाली नेऊन दाखवलंत की जराही हललेलं नाही. मी म्हटलं, महिन्याभरात इमारत आधीही हलत नव्हती. तुम्ही रागावलात. पण ओळंबा राहिला, आणि तुमच्या कारभारातली एवढी एक गोष्ट शहाणपणाची होती.

मग ते अ‍ॅप आलं.

कंपनीची मुलगी आली, हसरी, लांब नखांची, आणि तिने सभेत भिंतीवर चित्रं दाखवली. सगळं फोनमध्ये. पाहुण्याला फाटकातून आत घेणं फोनमधून, गच्चीवर मांस भाजायची जागा राखणं फोनमधून, मतदान फोनमधून, म्हणजे सभेला खुर्च्या मांडायचीही गरज नाही. आणि तक्रारी. तक्रार केली की लाल ठिपका, माणूस नेमला की पिवळा, काम झालं की हिरवा. हिरव्यांवरून इमारतीला गुण मिळणार, आणि ते गुण घर विकत घ्यायला येणाऱ्याला दिसणार. ही शेवटची गोष्ट ऐकल्यावर दाल्व्हा सरळ बसली. तिला घर विकायचं होतं.

तुमचा चेहरा मात्र मला आठवतो. उभा जन्म तुम्ही हाताने गाड्या इकडून तिकडे लावल्यात. आता अख्खी इमारत तळहातावर मावत होती. त्या दिवसापासून तुम्ही लोकांशी बोलताना फोनकडे बघून बोलायला लागलात. सगळे ठिपके हिरवे झाल्याशिवाय तुम्हाला झोप यायची नाही. चांगल्या गोष्टीही झाल्या, नाही म्हणत नाही. पाण्याची टाकी वेळेवर धुतली जायला लागली. गच्चीवरची भांडणं थांबली. लोक म्हणायचे, सेउ देओदातोंसारखा सिंदिको झाला नाही.

एक दिवस माझ्या न्हाणीघराच्या भिंतीला तिरकी भेग गेली. मी तुमचं दार वाजवलं.

"सुतारकामात टाका," फोनकडे बघत तुम्ही म्हणालात.

"दाराला काही झालेलं नाही. भिंतीला झालंय."

"भिंत असा रकाना नाही, दोना झुलैका. नळ आहे, वीज आहे, सुतारकाम आहे, आवाज आहे, कुत्रा आहे."

"मग नवा रकाना करा."

"'इतर' आहे. पण 'इतर' पिवळंच राहतं. आणि दाल्व्हाकडे शनिवारी गिऱ्हाईक येतंय."

मी 'इतर'मध्ये लिहिलं. संध्याकाळी फोन वाजला, भेगेत लांबी भरायला माणूस उद्या येईल. माणूस आला, भेग बुजली, ठिपका हिरवा झाला, आणि तुम्ही मला दाराआडून अंगठा दाखवलात. दुखणं पोटात आणि लेप पाठीला.

ओळंबा त्यानंतर लवकरच गेला. कंपनीचा पाहणी करणारा येऊन फोटो काढून गेला आणि जिन्यात डोक्यावर जड वस्तू टांगलेली असणं धोकादायक म्हणून इमारतीला लाल ठिपका पडला. तुम्ही स्वतः वर गेलात. मी पायरीवर उभी राहून बघत होते. मासा ओढून घ्यावा तशी तुम्ही हळूहळू दोरी गुंडाळलीत, आणि एकदा, वाटेत, शिसं सहाव्या मजल्याच्या कठड्याला घासून वाजलं. पूर्वी ते कुठेच टेकत नसे. तुम्ही तो आवाज ऐकलात. मीही ऐकला. लाल वर्तुळावर तुम्ही शोभेची कुंडी ठेवलीत, आणि ठिपका हिरवा झाला.

मग दारं बिघडायला लागली.

आधी वरच्या मजल्यांवरची, मग सगळीकडची. कुणाचं लागेना, कुणाचं उघडेना. दार हे सुतारकाम. त्याला रकाना होता. तक्रार केली की जुरांदिर यायचा, गळ्यात रंधा अडकवल्यासारखा, तोंडात गाणं. दार उतरवायचा, तासायचा, चढवायचा, हिरवा ठिपका. इतका चपळ सुतार कंपनीने दिला म्हणून लोक खूश, इतकी दारं एका इमारतीत मिळाली म्हणून जुरांदिर खूश. लाकडाचा भुसा जिन्यात पडलेलाच असायचा. सफाईवालीने त्याचीही तक्रार केली आणि तीही निकाली निघाली. दार दोनदा तासलं, तीनदा तासलं. दाल्व्हाच्या बेडरूमचं दार इतकं तिरकं झालं की ते आता फक्त आमच्याच इमारतीत बसलं असतं. आणि त्याच वर्षी कंपनीने गार्सा ब्रांकाला आदर्श इमारत ठरवलं, कारण आमच्याइतक्या तक्रारी इतक्या लवकर कुणीच मिटवल्या नव्हत्या. ते प्रशस्तिपत्र तुम्ही लिफ्टमध्ये लावलंत. ते सरळ लावताना तुम्हाला फार त्रास झाला होता. सरळ लावलं की वाकडं दिसायचं.

जुलैत, ऐन थंडीत, एका सकाळी तुमचंच दार अडकलं.

तुम्ही आत. हाका मारायच्या, मला फोन करायचा, काही नाही. तुम्ही अ‍ॅपवर तक्रार नोंदवलीत आणि कॉफी करून बसलात, आपलीच व्यवस्था आपल्याला सोडवायला कशी येते ते बघत. जुरांदिर आला, पहार घालून त्याने दार मोकळं केलं, आणि माझ्या दाराशी तासायला बसला. तुम्ही कप घेऊन बाहेर आलात. तो गप्पिष्ट, मान वर न करता म्हणाला, "सेउ देओदातो, तुमच्या इमारतीत मला डोळे बांधून सोडलं तरी चालेल. प्रत्येक दाराचा तोच कोपरा. वरचा, बंदराकडचा. मी आता घरूनच रंधा लावून निघतो."

तो हसला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कप खाली ठेवायला जागा शोधत होतात आणि तुम्हाला ती सापडत नव्हती.

त्या दिवशी फोन घरी ठेवून तुम्ही सगळे मजले हिंडलात. प्रत्येक दार वाजवलंत, आणि काही न बोलता वरच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवलात. लोकांना वाटलं, सिंदिको सुताराचं काम तपासताहेत. काहींनी तारीफही केली. दुपारी तुम्ही माझ्याकडे येऊन बसलात, न विचारता, ओंदिना गेल्यानंतर पहिल्यांदाच. अंगठ्याला भुसा लागला होता.

"बोट कलली होती," तुम्ही म्हणालात. "आणि मी गाड्या हलवायच्या सोडून प्रवाशांना मान तिरकी करायला सांगत होतो."

मी उठून कॉफी केली. जे मी वर्षभर ओरडून सांगत होते ते तुमच्याच तोंडून आलं होतं.

तुम्ही तिथेच, माझ्या टेबलाशी, माझा फोन मागून अ‍ॅप उघडलंत, आपल्या नावाने आत शिरलात आणि लिहिलंत: इमारत झपाट्याने कलते आहे, सगळ्यांचा जीव धोक्यात आहे, इंजिनियर बोलवा. कुठल्या घराची तक्रार, अ‍ॅपने विचारलं. तुम्ही सगळी घरं निवडलीत. कॉफी निवायच्या आत उत्तर आलं. अशा स्वरूपाच्या तक्रारी यापूर्वी निकाली निघाल्या असून आपली तक्रार त्यांत मिळवण्यात आली आहे. आपला, देओदातो, सिंदिको. हिरवा ठिपका.

ते उत्तर तुम्ही लिहिलेलं नव्हतं. तुम्ही माझ्यासमोर हात मांडीवर ठेवून बसला होतात. अ‍ॅप आल्याच्या पहिल्याच महिन्यात कंपनीने विचारलं होतं, आपल्या वतीने उत्तरं आम्ही पाठवू का, आणि तुम्ही हो म्हटलं होतं. बंद कसं करायचं ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. कंपनीला फोन लावलात तर त्या मुलीने आदर्श इमारतीचं अभिनंदन केलं.

बातमी दाल्व्हाला लागलीच. ती वरून धावत आली. गिऱ्हाईक ठरलं होतं, कागद व्हायचे होते. "झाकली मूठ सव्वा लाखाची, सेउ देओदातो," ती म्हणाली, हात जोडून. "कागद होऊ द्या. मग हवं ते ओरडा."

"आणि जे घेताहेत ते?" मी विचारलं.

"त्यांना आवडलंय घर. समुद्र दिसतो."

तुम्ही तिच्यावर ओरडाल असं मला वाटलं. तुम्ही नुसतं म्हणालात, "दाल्व्हा, तुझा पियानो कुठे आहे?" ती म्हणाली, तुम्ही सांगितलं तिथेच, बंदराकडच्या भिंतीला. "पूर्वी तो तिथे उभा राहायचा," तुम्ही म्हणालात. "आता त्याच्या पायाला दोरी बांधलेली मी सकाळी बघितली." ती पांढरी पडली आणि निघून गेली. गेली ती कागद करायलाच गेली.

मग आपण ठरवलं. इमारतीचा विमा ज्यांच्याकडे आहे त्यांच्या कचेरीत जायचं. इंजिनियर पाठवणं त्यांच्या हातात, आणि त्यांनी इमारत रिकामी करा म्हटलं तर कुणाला नाही म्हणता येणार नाही. पण रिकाम्या हाताने जायचं नाही. तिथल्या माणसाने संगणक उघडला की त्याला हिरवंच दिसणार. म्हणून ओळंबा पुन्हा सोडायचा, शिसं वर्तुळापासून किती लांब पडतं त्याचा फोटो काढायचा आणि तो घेऊन जायचं. आता दोरी कठड्यांना टेकत होती. वरून एकाने ती काठीने बाहेर धरून ठेवायला हवी, खाली दुसऱ्याने बघायला हवं. वर तुम्ही, खाली मी. सोमवारी सकाळी. आणि तिथूनच बसने कचेरीत. सही सिंदिकोची लागते, ती तुम्ही करणार. बोलणार मी, कारण तुम्ही घाबरलात की फार नम्र होता.

शिसं तुम्ही मला ठेवायला दिलंत. रविवारी कुरितीबाहून मारिलेनी जेवायला येणार होती, ते बघून इमारतीचं कळलं असतं तर तिने तुम्हाला त्याच गाडीतून उचलून नेलं असतं. "एक दिवस सांभाळा," म्हणालात.

रविवारी जेवण झाल्यावर तुम्ही समुद्रावरच्या बागेत तुमच्या बाकावर जाऊन बसलात. समोर डॉमिनोचा डाव चालला होता. खेळणाऱ्यांना वाटलं तुम्ही डुलकी घेताय. त्यांनी डाव पुरा केला. हृदय, डॉक्टर म्हणाले. बाक सरळ होता, जमीन सरळ होती, आणि तुम्ही किंचित कालव्याकडे झुकलेले होतात. सवय.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. नव्या सिंदिकोसाठी फोनवर मतदान झालं. कुणी उभं राहिलं नाही, तेव्हा कंपनीने विचारलं, तूर्त कारभार आम्हीच चालवू का, आणि सगळ्यांनी बोट टेकवलं. संदेशाखालचं तुमचं नाव बदलायचा विषयच निघाला नाही. मी विम्याच्या कचेरीत एकटी गेले. तिथला माणूस सभ्य होता. त्याने माझं सगळं ऐकलं, संगणक आपल्याकडे वळवला, आणि म्हणाला, "मी तुमच्या सिंदिकोंना आत्ताच विचारलं. त्यांचं उत्तर आलंय, काळजीचं कारण नाही."

"ते वारले," मी म्हटलं.

त्याने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या वयाकडे, आणि प्यायला पाणी मागवलं.

दाल्व्हा गेली. तिच्या घरात एक तरुण जोडपं आलंय, बाईला दिवस गेलेत. पाळणा त्यांनी कालव्याकडच्या खिडकीशी ठेवलाय, समुद्र दिसावा म्हणून. तो रोज थोडा भिंतीकडे सरकतो आणि ती रोज हसून मागे ओढते. मी तिला सगळं सांगितलं. तिने मला फोन दाखवला. आदर्श इमारत. तुम्ही इथून का जात नाही, असं तिने मला विचारलं, आणि तो प्रश्न योग्य होता. माझं हे घर कुणाला विकू? विकायचं तर दाल्व्हासारखं विकावं लागेल.

दुपारी, सगळे कामावर गेले की, भिंतीतून आवाज येतो. मोठा नाही. बोट धक्क्याला टेकताना लाकूड कण्हतं, तसा. तुम्ही असता तर नेमका कुठला ते सांगितलं असतं. माझ्या स्वयंपाकघराचं दार तासून तासून असं झालंय की लावल्यावरही वरून उजेड येतो, आणि गेल्या आठवड्यात तेही अडकलं. मी तक्रार केली नव्हती. कुणी केली कोण जाणे. पण निकाली निघाली.

तुमची दोरी मारिलेनीने सामानात नेली. मी नवी आणली, तेवढ्याच लांबीची. जुरांदिरला म्हटलं, वर उभा राहा, काठी धर, एवढंच काम आहे. तो ओशाळला. नोंद नसेल तर फाटक मला आत घेत नाही, दोना झुलैका, म्हणाला, आणि ओळंबा असा रकाना नाही. सातव्या मजल्यावरच्या त्या गरोदर मुलीला जिने चढायला सांगण्यात अर्थ नाही. बाकीचे नमस्कार करून लिफ्टमध्ये शिरतात.

कुंडी मी ढकलून बाजूला केली आहे. वर्तुळ अजून लाल आहे. शिसं माझ्याकडे, जुन्या टॉवेलात. वर तुम्ही, खाली मी, असं सोमवारी सकाळचं ठरलं होतं.